वादापुरते मान्य

‘काढून टाकणे’ हे शब्द त्या शाळेत कोणी उच्चारत नसे. तिथे मुलांना ‘योग्य वाट दाखवली’ जाई. दर जुलैमध्ये बाराव्या वर्षाची परीक्षा आटोपली, की सिक्स्थ फॉर्मचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचे, प्रमुख मिस्टर फॅरो काही निवडक पालकांना फोन करत, चहाला बोलावत, आणि सप्टेंबरात तेराव्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या वर्गात तितक्या खुर्च्या कमी लागत. मग पुढल्या उन्हाळ्यात शाळेचा निकाल उत्तम लागे आणि गावच्या वर्तमानपत्रात हवेत उडी मारणाऱ्या मुलींचे छायाचित्र येई. कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नव्हते. यॉर्कशायरच्या त्या किनाऱ्यावर चहा पाजणाऱ्या माणसाशी भांडण्याची रीत नाही. लोक आभार मानत, हात मिळवत, वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलत आणि मुलाला घेऊन निघून जात.

ब्रिजेट अ‍ॅपलयार्ड निघाली नाही.

ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करत असे. रक्ताच्या नमुन्यांचे जे आकडे यंत्रातून बाहेर पडत, ते डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी विश्वासार्ह आहेत की नाहीत हे ठरवणे हे तिचे काम होते. अनेक वर्षे हेच केल्यामुळे संशय हा तिच्या स्वभावाचा भाग न राहता शिष्टाचाराचा भाग झाला होता. हवामानाचा अंदाज, वर्तमानपत्रातले आहारशास्त्र आणि सासूच्या गुडघ्याला तिच्या हयातीत आधी कळणारा पाऊस यांना ती एकाच पंगतीत बसवी. ‘सगळ्यांना ठाऊकच आहे’ असे कोणी म्हटले, की ती ‘कशावरून?’ असे विचारी. चढ्या आवाजात नव्हे, एखाद्याने वेळ विचारावी तसे.

तिची मुलगी नेल सतरा वर्षांची होती. नेलला भूशास्त्र शिकायचे होते. समुद्र दर हिवाळ्यात तिथला मऊ कडा थोडाथोडा कुरतडतो आणि त्यातून दगड झालेले शंख खाली वाळूत पडतात. नेल ते लहानपणापासून वेचत आली होती. भूगोलात तिला बी मिळाला होता. रसायनात डी. गणितात ई. शाळेची अट सर्व विषयांत किमान सी अशी होती.

मिस्टर फॅरोंच्या खोलीत टेबल भिंतीला सरकवून तीन खुर्च्या जवळजवळ मांडल्या होत्या, म्हणजे समोरासमोर बसल्यासारखे कोणाला वाटू नये.

“बिस्किट घ्या ना, मिसेस अ‍ॅपलयार्ड. नेल, तूही घे. आल्याची आहेत.”

नेलने एक घेतले आणि हातात धरून ठेवले.

“आधी एक सांगतो,” मिस्टर फॅरो म्हणाले, “नेल आम्हां सगळ्यांना फार आवडते.”

“त्याबद्दल वाद नाही. वाद रसायनाचा आहे ना?”

ते हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या बुटांना चिखल लागलेला होता. सकाळी मुलांना घेऊन ते मैदानावर गेले असावेत. “पुढचं वर्ष फार कठीण असतं. बाराव्यात डी मिळालेलं मूल तेराव्यात वर चढतं असं क्वचित होतं. पाचातलं एक, फार तर. मग त्या मुलाला वर्षभर झगडायला लावायचं, आत्मविश्वास घालवायचा, हे मला बरं वाटत नाही. तांत्रिक कॉलेजात फार चांगले अभ्यासक्रम आहेत.”

“पाचातलं एक, हा आकडा कुठला?”

“अनुभवाचा.”

“मागच्या वर्षी डी मिळालेली किती मुलं तुम्ही तेराव्यात ठेवली?”

मिस्टर फॅरोंनी कप बशीत ठेवला. “मागच्या वर्षी… कोणी राहिलं नाही.”

“त्याच्या आदल्या वर्षी?”

“साधारण तसंच.”

“म्हणजे जी मुलं तुम्ही परीक्षेला बसूच दिली नाहीत, ती नापास होतात, असा तुमचा अनुभव आहे.”

मिस्टर फॅरोंनी कप उगाच पुन्हा उचलला. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. ब्रिजेटला आतून किंचित आनंद झाला. खराब झालेले रसायन नेमके कोणत्या बाटलीतले हे सापडल्यावर होई तसा. आणि त्या आनंदाच्या भरात ती पुढे बोलत गेली.

“पण ते सोडा. आकडा चुकीचा आहे हे मला सिद्ध करायचंच नाही. वादापुरतं मान्य करू की तो बरोबर आहे. पाचातलं एक. अजून खाली या. नेल नापास होणार असंच धरून चाला. रसायनात नापास, गणितात नापास. तरीसुद्धा तुम्हाला तिला काढता येत नाही. एकदा सिक्स्थ फॉर्ममध्ये घेतलेल्या मुलाला गुण कमी पडले म्हणून काढायचा अधिकार शाळेला नाही. मुद्दा तिच्या हुशारीचा नाहीच. ती वर्गातली सगळ्यात मठ्ठ मुलगी असती, तरी माझं म्हणणं हेच असतं.”

नेल खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर पाहण्यासारखे सायकली ठेवायच्या छपराखेरीज काही नव्हते.

मिस्टर फॅरोंचा आवाज खाली आला. “हे… मला वाटतं, हे नेलच्या समोर नको बोलायला. ती बाहेर थांबली तर?”

“का? ती सतरा वर्षांची आहे. वादात गृहीत धरणं आणि खरं मानणं यातला फरक तिला कळतो. हो ना गं?”

“हो,” नेल म्हणाली.

“बघा,” ब्रिजेट म्हणाली.

परतताना ती खुशीत होती. बंदरावरच्या दुकानासमोर गाडी थांबवून तिने मासे आणि चिप्स घेतले. दोघी गाडीतच खात बसल्या. काचेवर वाफ धरली.

“कसं झालं आजचं?”

“छान बोललीस तू.”

“त्याचं तोंड पाहिलंस? ‘कोणी राहिलं नाही.’” ब्रिजेटने मिस्टर फॅरोंचा सूर हुबेहूब काढला.

नेल हसली. मग तिने काच थोडी खाली केली आणि उरलेल्या चिप्स समुद्रपक्ष्यांना टाकल्या. ते करू नये अशी पाटी समोरच होती, आणि नेल पाटी मोडणाऱ्यांतली नव्हती. ब्रिजेटने ते पाहिले. पण भूक नसेल, एवढाच निष्कर्ष काढला. हाताशी असलेल्या पुराव्यावरून त्याहून जास्त काढता येत नव्हता.

शाळेचे पत्र आले: निर्णय कायम. ब्रिजेटने शाळेच्या व्यवस्थापक मंडळाकडे दाद मागितली. बैठक ऑगस्टच्या अखेरीस ठरली. तोवर रोज संध्याकाळी ती नेलला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रसायन शिकवू लागली. शिकवण्याची हातोटी तिच्यापाशी नव्हती, पण चिकाटी होती. दुसऱ्या आठवड्यात एक अवघड गणित नेलने कोणाच्या मदतीशिवाय सोडवले. आम्ल किती लागेल याचे उत्तर दशांशापर्यंत बरोबर आले. नेलने मान वर करून आईकडे पाहिले.

“बरोबर आहे,” ब्रिजेट म्हणाली. “आता आकडे बदलून परत कर.”

“का? बरोबर आहे म्हणालीस ना?”

“एकदा बरोबर येण्याला फारसा अर्थ नसतो. योगायोगानंही येतं. सलग पाच-सहा वेळा आलं, की मग म्हणता येईल.”

नेलने आकडे बदलून पुन्हा केले. या वेळी चुकले.

नेलचा बाप रॉय शेतातले पाणी उपसून समुद्रात सोडणाऱ्या पंपांच्या देखभालीवर होता. घरी कमी बोले आणि परसात जास्त. एका रविवारी तो वेलावरच्या शेंगा तोडत असताना ब्रिजेट मंडळापुढे मांडायचे मुद्दे त्याला वाचून दाखवत होती. तो ऐकत होता. टोपली निम्मी भरल्यावर म्हणाला, “तिला विचारलंस का?”

“काय विचारायचं?”

“परत जायचंय का ते.”

“म्हणजे काय! अर्थात जायचंय. मी विचारलं होतं तिला. ‘ठीक आहे’ म्हणाली.”

“बाईसाहेब, ‘ठीक आहे’ म्हणजे हो, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? माझी आई मरणाच्या आदल्या दिवशी ‘ठीक आहे’ म्हणाली होती.”

“तुझ्या आईचं उदाहरण एकच आहे, रॉय.”

“आईही एकच होती,” रॉय म्हणाला आणि पलीकडच्या वाफ्याकडे गेला.

त्या उन्हाळ्यात नेल किनाऱ्यावर सुट्टीत चाकांच्या घरांतून राहणाऱ्यांच्या कॅरव्हॅन पार्कमधल्या कॅफेत काम करत होती. तिच्या मैत्रिणी विद्यापीठे पाहायला डरहॅमला, लीड्सला जात होत्या आणि तिथल्या वसतिगृहांची छायाचित्रे एकमेकींना पाठवत होत्या. नेलने त्यांच्या फोनवरच्या गटातून स्वतःला वगळून घेतले, हे ब्रिजेटला ठाऊक नव्हते. नेल हल्ली उशिरा घरी येते, जेवताना कॅफेतल्या गिऱ्हाइकांच्या नकला करते आणि त्या झकास करते, एवढे तिच्या लक्षात आले होते. ते तिने बरे लक्षण मानले.

मंडळाची बैठक अर्ध्या तासात संपली. तीन सभासद होते. अध्यक्षबाई पूर्वी जमीनजुमल्याचे लिलाव करत आणि कोणती बोली पोकळ आहे हे त्यांना आवाजावरून कळे. ब्रिजेटने नियम वाचला. आकड्याची गोष्ट सांगितली. अध्यक्षबाईंनी मिस्टर फॅरोंना एकच प्रश्न विचारला: “ड्रू, आपण हे गेली कित्येक वर्षं करतोय का?” आणि उत्तराची वाट न पाहता समोरची कागदपत्रे मिटली.

दुसऱ्या दिवशी मिस्टर फॅरोंचा फोन आला. नेलची जागा तिची आहे. सत्र मंगळवारी सुरू होते. यायचे की नाही हे शुक्रवारपर्यंत कळवले तर वेळापत्रक लावायला बरे पडेल. “आणि मिसेस अ‍ॅपलयार्ड, तुमचं म्हणणं बरोबर होतं. ते मला आधी सुचायला हवं होतं.”

“बाकीच्या मुलांचं काय? यंदा ज्यांना वाट दाखवलीत त्यांचं?”

“त्यांनाही कळवतोय. पण त्यांतल्या बहुतेकांनी दुसरीकडे नावं घातली आहेत.” मग ते म्हणाले, “त्यांच्या पालकांनी मला आभाराची कार्डं पाठवली होती.”

ब्रिजेटने दुपारची रजा घेतली आणि थेट कॅरव्हॅन पार्क गाठला. सुट्ट्या संपत आल्या होत्या. कॅफेत एक म्हातारे जोडपे तेवढे होते, आणि त्यांचा कुत्रा. नेल टेबले पुसत होती. आईला पाहून तिने फडके खांद्यावर टाकले.

“कोण आजारी आहे?”

“कोणी नाही. जिंकलो आपण. मंगळवारी शाळा.”

नेलने आईसाठी खुर्ची ओढली, पुसलेलीच होती तरी पुन्हा पुसली. “बस. चहा आणते.”

“चहा राहू दे. ऐकलंस का?”

“ऐकलं.” नेल समोर बसली. “मी नाही जाणार, आई. इथल्या ऑफिसात मला उमेदवारीवर घेतायत. बुकिंग, हिशेब वगैरे. आठवड्यातला एक दिवस कॉलेज. सोमवारपासून.”

“हे कधी ठरलं?”

“मागच्या आठवड्यात. बाबांना माहितीय.”

“आणि मला का नाही?”

“तू मुद्दे तयार करत होतीस.” यात टोमणा नव्हता, हेच वाईट होते. “खूप मेहनत घेत होतीस. मधेच कसं सांगणार?”

ब्रिजेटने स्वतःला सावरले. अशा वेळी प्रश्नाचे लहान तुकडे करावेत. “नेल, ऐक. तुला त्यांचा राग आलाय, ते समजू शकते. पण त्यांनी स्वतः मान्य केलंय की त्यांचा आकडा निराधार होता. पाचातलं एक हे फॅरोंनी हवेतून काढलं होतं.”

“फॅरोंचा मला राग नाही गं.”

“मग?”

नेल टेबलावरची मिठाची बाटली फिरवत राहिली. “तू म्हणालीस, ही नापास होणार असंच धरून चाला.”

“वादापुरतं! वादापुरतं म्हणाले मी. त्यांचं सगळं खरं धरलं तरी ते चूकच ठरतात, हे दाखवायचं होतं. तो सगळ्यात भक्कम युक्तिवाद असतो, कारण त्यात—”

“माहितीय मला. मी मठ्ठ नाहीये.” शब्द तोंडातून गेल्यावर ती थोडी हसली, पण ते हसू टिकले नाही. “मला कळलं होतं तेव्हाच. मला वाटलं, हे झाल्यावर तू उलट बाजूनं बोलशील. की हे वादापुरतं झालं, पण माझं स्वतःचं मत विचाराल तर नेल पास होईल. मी वाट बघत होते. तिथं बोलली नाहीस. मग वाटलं, गाडीत बोलशील. मग चिप्स खाताना. मग ते आम्लाचं गणित आलं त्या दिवशी तर मला वाटलं, आता नक्की.” तिने बाटली जागेवर ठेवली. “अख्खा उन्हाळा, आई.”

म्हाताऱ्या जोडप्याचा कुत्रा येऊन ब्रिजेटच्या बुटाचा वास घेऊन गेला.

तिला म्हणायचे होते: अर्थात तू पास होशील. वाक्य तयार होते. ते ओठांपर्यंत आले आणि तिथे, सवयीने, थांबले. रसायनातली दोन प्रकरणे आता पक्की झाली होती. तिसरे कच्चे होते. गणिताला तर हातही लावलेला नव्हता. वर्षभर नीट अभ्यास झाला आणि शिक्षक बरा मिळाला, तर शक्यता निम्म्याहून जास्त, बहुधा जास्तच—

“बघ,” नेल हळूच म्हणाली. “आत्तासुद्धा हिशेब करतेयस.”

ब्रिजेटने तोंड उघडले. “तू पास होशील,” ती म्हणाली. “मला खात्री आहे.”

“थँक्यू,” नेल म्हणाली. अगदी नीट म्हणाली. वस्तू हातात दिल्यावर गिऱ्हाइकाला म्हणावे तसे. मग म्हाताऱ्याने हात वर केला म्हणून ती उठून त्यांचे बिल करायला गेली, आणि तिथे तिने कुत्र्याचे नाव विचारले, आणि म्हातारी खुलून बोलू लागली.

त्या संध्याकाळी ब्रिजेट रॉयवर रागावली. तू मला सांगायला हवे होतेस, असे ती दोनदा म्हणाली. रॉय हात धूत होता. “मी विचारलं होतं ना तुला, परसात,” तो म्हणाला. “त्याहून सरळ मला बोलता येत नाही गं.” त्याचे डोळे लाल होते. मुलीच्या अर्जावर सही करताना तो बराच वेळ पेन धरून बसला होता, हे त्याने त्या दिवशी सांगितले नाही. फार नंतर, भलत्याच विषयावर बोलताना सांगितले.

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत ब्रिजेटने बरेच युक्तिवाद रचले. उमेदवारी पुढच्या वर्षीही मिळू शकते. एक वर्ष वाया गेले तरी नुकसान मर्यादित आहे. भूगोलातला बी दुर्लक्षित करण्यासारखा नाही. सगळे युक्तिवाद बिनतोड होते आणि एकही तिने नेलपुढे मांडला नाही. युक्तिवादाने ही गोष्ट सुटणार असती तर ती जुलैमध्येच सुटली असती, इतपत निष्कर्ष तिला काढता येत होता. गुरुवारी ती नेलच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. नेल नव्या नोकरीचा निळा सदरा इस्त्री करत होती.

“कॉलर आधी कर,” ब्रिजेट म्हणाली.

“आधीच केली.”

“मी तुला लहानपणी कधी म्हटलं होतं का, की तुला जमेल? कशाबद्दलही?”

नेलने इस्त्री उभी ठेवून खरोखरच आठवून पाहिले. या बाबतीत ती आईचीच मुलगी होती. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय देत नसे.

“पोहताना,” ती म्हणाली. “नाही. ते बाबा. तू किनाऱ्यावर पाण्याचं तापमान बघत होतीस.”

दोघीही थोड्या हसल्या. मग नेल पुन्हा बाहीकडे वळली. ब्रिजेट दाराशी उभीच राहिली. आत ये असे नेल म्हणाली नाही आणि जा असेही म्हणाली नाही.

शुक्रवारी दुपारी तिने प्रयोगशाळेतून मिस्टर फॅरोंना फोन केला आणि नेल येणार नाही असे सांगितले.

“अरेरे,” ते म्हणाले. “का, विचारू का?”

ब्रिजेटजवळ उत्तर होते. ते एकाच निरीक्षणावर आधारलेले नव्हते. पुरावा सतरा वर्षांचा होता आणि सगळा एकाच दिशेने बोट दाखवत होता. पलीकडे मिस्टर फॅरो थांबले होते. यंत्रातून नवे आकडे पडत होते आणि त्यांवर तिची सही व्हायची होती.

“तिला दुसरी वाट मिळाली,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.